वॉर्डातल्या प्रश्नांवर संशोधन कोण करणार?

बाळंतपणानंतर किती रक्त गेलं, हे अनेक प्रसूतिगृहांत अजूनही नजरेनं ठरतं. चादर, पॅड, टब आणि फरशी बघून सिस्टर किंवा निवासी डॉक्टर केसपेपरवर एक आकडा लिहितात आणि तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी असतो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. त्यांनी प्लॅस्टिकची एक पिशवी तयार केली. ती बाळंतिणीच्या कमरेखाली पसरून पट्ट्यांनी बांधायची, म्हणजे रक्त तिच्या खालच्या निमुळत्या भागात जमतं आणि तिथल्या मिलिलिटरच्या खुणांवर सरळ वाचता येतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नजरेचा अंदाज पिशवीतल्या मोजमापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. ज्या बाईचं ६०० मिली रक्त गेलं, तिच्या कागदावर ४०० लिहिलं जात असेल, तर तिच्यावर उपचार सुरू होणारच नाहीत. रक्तस्राव ५०० मिलीच्या पुढे गेला की धोक्याचा मानायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते ५०० ओळखण्यापाशी.

पुढे याच जातीची पिशवी वापरून केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत ई-मोटिव्ह नावाची चाचणी झाली. तिच्यात २ लाख १० हजारांवर नैसर्गिक बाळंतपणं मोजली गेली आणि निष्कर्ष २०२३ साली आले. निम्म्या रुग्णालयांत नेहमीची पद्धत चालू राहिली. उरलेल्यांत पिशवी लावायची आणि पहिला तासभर दर १५ मिनिटांनी तिच्यातली पातळी आणि गर्भाशय आवळलेलं आहे की सैल, हे नोंदवायचं, शिवाय नाडी आणि रक्तदाबही बघायचा, असं ठरलं. ५०० मिली झालं, किंवा ३०० मिली होऊन सोबत एखादी नोंद बिघडली, की वाट न बघता सगळं एकदम सुरू करायचं: गर्भाशय चोळणं, ते आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून, सलाइन, आणि वार पूर्ण पडली का, कुठे फाटलंय का, मूत्राशय भरलंय का याची तपासणी. इतके दिवस हे सारं एकामागून एक व्हायचं. आधी चोळून बघायचं, मग इंजेक्शन, त्यानं थांबलं नाही तर पुढचं. प्रत्येक पायरीवर दहा-दहा मिनिटं जायची.

नव्या पद्धतीच्या रुग्णालयांत अतिरक्तस्राव ओळखला जाण्याचं प्रमाण ९३ टक्के होतं, नेहमीच्या रुग्णालयांत ५१. उपचारांचा पूर्ण संच मिळाला तो अनुक्रमे ९१ आणि १९ टक्के बायांना. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावानं मृत्यू, हे तिन्ही धरून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. मृत्यू वेगळे काढले तर त्यांची संख्या इतकी थोडी होती की त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण भीषण रक्तस्राव निम्म्याहून कमी झाला, आणि या सगळ्यात एकही नवं औषध नव्हतं. ऑक्सिटोसिन जुनं आहे. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचा बाळंतिणींना होणारा फायदा २०१७ साली २१ देशांतल्या २० हजार बायांवर सिद्ध झाला होता. बदलली ती फक्त मोजण्याची रीत, कामाचा क्रम आणि सगळं साहित्य एका ट्रॉलीत तयार ठेवण्याची सवय. डिसेंबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही खुणांच्या पिशवीची आणि या संचाची शिफारस केली.

ज्ञात उपचार खाटेपर्यंत पोचतो कसा आणि अडतो कुठे, हा स्वतंत्र आणि अवघड वैद्यकीय प्रश्न आहे. त्यावरचं संशोधन नव्या औषधाच्या चाचणीइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवं. महाराष्ट्रात ते करायला माणसं आहेत, रुग्ण आहेत, नियमांनी बांधलेला वेळसुद्धा आहे. तो सगळा पदव्युत्तर प्रबंधांत विरून जातो.

एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा आहे. विषय कसे असतात ते कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दिसेल: अमुक आजाराच्या रुग्णांची लक्षणं आणि तपासण्या, एका मोठ्या रुग्णालयातला अभ्यास, रुग्णसंख्या ५० किंवा १००. शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयात दोन वर्षांपूर्वी तोच विषय झालेला असतो आणि पुढल्या वर्षी तिसरीकडे होतो. एथिक्स कमिटीची मंजुरी, नोंदणी, संमतिपत्रं, संख्याशास्त्रज्ञाकडचे हेलपाटे, बांधणी हे सगळं रीतसर पार पडतं. निवासी डॉक्टर रात्रपाळ्यांतून वेळ काढून राबतात. त्यांच्या कष्टांविषयी शंका नाही. पण शंभर रुग्णांत ज्या प्रश्नाचं उत्तर मिळूच शकत नाही, तो प्रश्न त्यांच्या हाती देणं ही व्यवस्थेची चूक आहे.

याचा हिशेब करून बघता येतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून १५ वर आणायचं आहे असं धरू. हा फरक खरा आहे की योगायोग, हे ८० टक्के खात्रीनं पकडायला प्रत्येक गटात सुमारे २,४०० रुग्ण लागतात, दोन्ही मिळून ४,८००. शिवाय बदल संपूर्ण रुग्णालयात एकदम करायचा असेल, तर एका रुग्णालयातले रुग्ण एकमेकांसारखे असतात हे धरावं लागतं. तोच सर्जन, तीच ओटी (शस्त्रक्रियागृह), तेच निर्जंतुकीकरण. हे साम्य मोजणारा गुणांक ०.०१ इतका क्षुल्लक असला आणि प्रत्येक ठिकाणचे १०० रुग्ण घेतले, तरी लागणारी संख्या जवळपास दुप्पट होते. म्हणजे साधारण शंभर रुग्णालयं. एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचं हे काम आहे, पण राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयं एकत्र आली तर एका वर्षाचं.

हे उदाहरण काल्पनिक नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेली चीता ही चाचणी भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत झाली. तीत १३ हजारांवर रुग्ण होते. प्रश्न अगदी साधा होता: पोटातलं काम संपलं, आता जखम शिवायची, त्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलले आणि शिवण्यासाठी वेगळी, निर्जंतुक हत्यारं घेतली तर फरक पडतो का? पडला. संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. त्याच्या आदल्या वर्षी साधारण याच गटाच्या चाचणीत कातडीवर लावायचं महागडं क्लोरहेक्सिडीन आणि नेहमीचं पोव्हिडोन आयोडीन यांत, तसंच जंतुनाशक लावलेल्या आणि साध्या टाक्यांत, काहीच फरक आढळला नव्हता. खरेदीचं टेंडर काढणाऱ्या अधिकाऱ्याला या दोन उत्तरांचा किती उपयोग आहे बघा. जादा पैसे टाक्यांवर घालायचे नाहीत, हत्यारांच्या दुसऱ्या ट्रेवर घालायचे.

कागदी यादी आणून भिंतीला लावली की काम झालं, असा एक समज आरोग्य प्रशासनात घट्ट बसलाय. त्याला कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ कलमी सुरक्षा यादी दिल्लीसह आठ शहरांत वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर आली, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. जगभर ती यादी पोचली. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं ती सक्तीची केली. तिथल्या १०१ रुग्णालयांचे आकडे २०१४ साली आले तेव्हा मृत्यू आणि गुंतागुंत यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, मात्र रुग्णालयांनी स्वतः कळवलेलं पालन जवळजवळ शंभर टक्के होतं. ज्यानं ओटीत काम केलंय त्याला हे कसं होतं ते ठाऊक आहे. कातडी कापण्याआधी सगळ्यांनी क्षणभर थांबून रुग्णाचं नाव, बाजू, प्रतिजैविक दिलं का, रक्त आहे का हे मोठ्यानं म्हणायचं असतं. प्रत्यक्षात सर्जन हात धुवत असताना कोणीतरी सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करून टाकतं. कागद पूर्ण होतो, पण प्रतिजैविक चीर दिल्यानंतर वीस मिनिटांनी जातं.

उत्तर प्रदेशातल्या चाचणीनं यापुढचं शिकवलं. तिथल्या १२० सरकारी प्रसूतिकेंद्रांपैकी ६० ठिकाणी बाळंतपणाच्या सुरक्षा यादीसोबत आठ महिने प्रशिक्षक पाठवले. दीड लाखांवर माता-बालकांची नोंद झाली. दोन महिन्यांनी आवश्यक कृतींपैकी ७३ टक्के होत होत्या, तुलनेच्या केंद्रांत ४२. प्रशिक्षकांच्या फेऱ्या संपल्यावर, बाराव्या महिन्यात, ७३ चे ६२ झाले. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंत? १५.१ विरुद्ध १५.३ टक्के, म्हणजे जवळपास तेवढीच. हात धुणं, तापमान बघणं वाढलं, पण अडलेल्या बाईला वेळेत सिझेरियन, रक्त आणि श्वास न घेणाऱ्या बाळाला तरबेज हात मिळणं यादीनं आपोआप घडत नाही. हे निष्कर्ष अपयश म्हणून दडवले नाहीत, छापले, याला मी फार मोल देतो. ते नसते तर अशाच यादीवर प्रत्येक राज्यानं वर्षानुवर्षं पैसे घातले असते.

तोच उपचार एका ठिकाणी वाचवतो आणि दुसऱ्या ठिकाणी अपाय करतो, याचं उदाहरण तर नागपूर आणि बेळगावच्या परिसरातूनच आलंय. वेळेआधी बाळंत होणाऱ्या बाईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली की बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे जुनं ज्ञान. ते गावपातळीपर्यंत पोचवण्याची मोठी चाचणी सहा देशांत झाली, त्यात ही दोन केंद्रं होती. कमी वजनाची बाळं त्यानं वाचली नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू हजारामागे ३.५ ने वाढले. सोनोग्राफीअभावी दिवस नक्की किती गेलेत ते कळत नव्हतं, त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्यांपैकी बहुतेकींची बाळं तशी लहान नव्हतीच. मग दुसरी चाचणी पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली आले. भारत तिच्यातही होता. या वेळी दिवस सोनोग्राफीनं पक्के केले, २६ ते ३४ आठवड्यांच्याच बाया घेतल्या, आणि जिथे वेळेआधी जन्मलेल्या बाळांची काळजी घेण्याची सोय आहे तिथेच डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर बारा तासांनी, जास्तीत जास्त चार वेळा दिलं. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. औषधाच्या बाटलीवर हा फरक कुठे लिहिलेला नसतो. तो वॉर्डात शोधावा लागतो.

कधी उत्तर बांधकामात असतं. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं तर काय होतं, हे भारतासह पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत पाहिलं गेलं. भारतातलं रुग्णालय दिल्लीचं सफदरजंग होतं. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ वर आले आणि चाचणी वेळेआधी थांबवावी लागली, कारण बाकीच्या बाळांना यापासून दूर ठेवणं अन्यायाचं ठरलं असतं. पण त्यासाठी आईची खाट कक्षाच्या आत लागते, आणि आई स्वतः टाके पडलेली बाळंतीण असल्यानं तिच्या तपासणीसाठी स्त्रीरोग विभागाला बालरोग विभागाच्या दारात यावं लागतं. नातेवाइकांच्या प्रवेशाचे नियम बदलावे लागतात. आपल्याकडच्या विशेष नवजात कक्षांत आईला भेटीच्या वेळेपुरतंच आत सोडण्याची रीत जिथे जिथे आहे, तिथे हा नियम कोणाच्या सहीनं बदलतो आणि बदलल्यावर संसर्ग वाढतो का, हे मोजणं हा उत्तम प्रबंध आहे. बालरोग, स्त्रीरोग आणि परिचर्या अशा तीन विद्यार्थ्यांचा मिळून.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. पदं रिकामी, औषधं नाहीत, एका सिस्टरच्या वाट्याला अख्खा वॉर्ड, आणि तुम्ही संशोधन कसलं सांगता? ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली तेव्हा सगळी चर्चा माणसं आणि औषधं या दोन गोष्टींवरच झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या रुग्णालयात त्या तीव्रतेच्या रुग्णांत एरवी रोज किती मृत्यू होतात, किती अत्यवस्थ रुग्ण दुसरीकडून उशिरा पाठवलेले असतात, बाळांची वजनं काय असतात, हे सामान्य नागरिकाला कुठेच उघडपणे बघायला मिळत नाही. छेद नसेल तर नुसता अंश काय सांगणार? चौकशी समिती त्या दिवसाकडे बघते आणि मागचे तीनशे दिवस तसेच राहतात. आणि रिक्त पदांचा मुद्दा शासनापुढे ठाम मांडायचा असेल तर तोही मोजमापानंच मांडता येतो. युरोपातल्या नऊ देशांत चार लाखांवर शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. असा अभ्यास आपल्या जिल्हा रुग्णालयांतून झाला, तर भरतीची फाइल अडवणं अर्थ खात्याला बरंच जड जाईल.

दुसरा आक्षेप संमतीचा. रुग्णालयातली पद्धत बदलायची तर प्रत्येक रुग्णाची लेखी संमती कशी घेणार? आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत नगण्य धोक्याच्या अभ्यासांना संमतीतून सूट देण्याची आणि समूह-चाचण्यांची, म्हणजे एकेका रुग्णाऐवजी अख्खी रुग्णालयं किंवा वॉर्ड गटांत वाटण्याची, तरतूद आहे. एथिक्स कमिट्यांनी ती वाचून वापरायला हवी. आज उलटं घडतं. एखाद्या वॉर्डातली पद्धत अधीक्षकांच्या एका परिपत्रकानं रातोरात बदलता येते, कोणाची परवानगी लागत नाही आणि परिणाम कोणी मोजत नाही. तोच बदल मोजून करायचा म्हटला की सहा महिने कागद फिरतो.

आपल्याला हे जमत नाही, हे तर मुळीच खरं नाही. एप्रिल ते जुलै २०२०, ऐन कोविडच्या साथीत, आयसीएमआरनं ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाची, चाचणी पूर्ण केली आणि प्लाझ्मानं आजार बळावणं किंवा मृत्यू टळत नाही हे दाखवलं. दुःख एवढंच की निष्कर्ष आल्यावरही नातेवाईक प्लाझ्मासाठी रक्तपेढ्यांच्या दारात फिरत राहिले. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून तो वगळला गेला मे २०२१मध्ये.

तेव्हा करावं काय? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं प्रत्येक विषयात दरवर्षी एक-दोन सामाईक प्रश्न ठरवावेत आणि इच्छुक विद्यार्थ्यांना एकाच आराखड्यावर, एकाच तक्त्यात, आपापल्या महाविद्यालयातून प्रबंध करू द्यावा. प्रत्येकाचा प्रबंध त्याच्या केंद्राचा, एकत्रित विश्लेषण सगळ्यांचं. नोंदीचा तक्ता एका पानाचा असावा, दुसरं पान लागलं की रात्रपाळीत तो कोरा राहतो. निष्कर्ष नोंदवणारा माणूस उपचार करणाऱ्यांपैकी नसावा. जखमेचा संसर्ग मोजायचा तर तिसाव्या दिवसापर्यंत पाठपुरावा हवा, कारण पू बरेचदा रुग्ण घरी गेल्यावर होतो आणि तो गावातल्या डॉक्टरकडे जातो. डिस्चार्जपर्यंतच मोजलं तर आपलं रुग्णालय फार चांगलं आहे असा भ्रम होतो.

आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने अशी तुलना मात्र टाळावी. अमेरिकेत मिशिगनमधल्या शंभराहून अधिक आयसीयूंनी सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) रक्तसंसर्ग पाच साध्या कृतींनी प्रचंड घटवला, हे २००६ साली गाजलं. इंग्लंडनं तोच उपक्रम टप्प्याटप्प्यानं राबवला तेव्हा संसर्ग घटला खरा, पण ज्या आयसीयूंची पाळी अजून आलीच नव्हती तिथेही तसाच घटला. काळच बदलत होता. टप्प्यांची ही रचना आपल्याला परवडणारी आहे. समजा खुणांची पिशवी राज्यातल्या सर्व सरकारी प्रसूतिगृहांत द्यायची आहे. खरेदी आणि प्रशिक्षण एकदम होतच नाही, जिल्हे मागेपुढे होतातच. कोणता जिल्हा कधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं आणि पहिल्या जिल्ह्याच्या आधीपासून सगळीकडे मोजायला लागावं. कोणाचाही हक्क डावलला जात नाही आणि खात्रीचं उत्तर मिळतं.

पिशवी बाळ बाहेर आल्यावरच पसरायची, नाहीतर गर्भजल मिसळून आकडा फुगतो. जवळच लघवीची नळी रिकामी केली तरी तेच होतं. वेगळे भिजलेले पॅड वजन करून, कोरं वजन वजा करून, एक ग्रॅमला एक मिली धरावं. पंधरा मिनिटांची नोंद एका सिस्टरकडे बाळंतपणाची तीन टेबलं असताना होत नाही, म्हणून नोंदी किती चुकल्या हेही टेबल-सिस्टर प्रमाणासह लिहून ठेवावं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड ट्रॉलीत आहे की किल्ली असलेल्या कपाटात, हे दर आठवड्याला कोणीतरी जाऊन बघावं. आणि प्रशिक्षकांच्या फेऱ्या थांबल्यावर निदान वर्षभर मोजणी चालू राहावी. उत्तर प्रदेशातली घसरण त्याच काळात दिसली होती. त्या वर्षाच्या नोंदणीसाहाय्यकांचा पगार पहिल्याच अंदाजपत्रकात धरलेला असला पाहिजे.